सातबाऱ्याचे पान

आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. वडिलांनी जपून ठेवलेल्या कागदांपैकी एकाच शेताचे चार कागद तिच्यात निराळ्या बासनात बांधलेले आहेत. शेत संगमनेर तालुक्यातले, प्रवरेच्या काठापासून कोसभर आत, निम्मे काळे आणि निम्मे बरड. पहिला कागद मोडीतला आहे आणि त्यावर शेताला नंबर नाही, नाव आहे. दुसरा छापील रकान्यांचा, पण हाताने भरलेला, एकर-गुंठ्यांतला. तिसराही हाताने भरलेला, पण हेक्टर-आरांतला. चौथा संगणकावर छापलेला आणि त्याच्या कोपऱ्यात काळ्या ठिपक्यांची चौकोनी खूण असलेला. ही खूण फोनपुढे धरली की कागद खरा की बनावट ते कळते म्हणतात.

हे बासन मी पुन्हा सोडले त्याला निमित्त झाला माझा भाचा. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. माणूस आणि यंत्र यांची गाठ जिथे पडते त्या दर्शनी बाजूला त्या धंद्यात 'इंटरफेस' म्हणतात. पडद्यावर कोणता चौकोन कुठे असावा, काय विचारावे, काय दाखवावे, काय दडवावे, हे ठरविण्याचे काम तो करतो. सुट्टीत आला असता तो म्हणाला, "मामा, आमचं सगळ्यांत मोठं दुखणं हे की मांडणी टिकत नाही. शंभर माणसांसाठी केलेली लाख माणसांना पुरत नाही, आणि उद्या काय नवं येईल ते आज कळत नाही. दर दोन वर्षांनी मोडून पुन्हा बांधावी लागते."

मी त्याला म्हटले, तुझ्या धंद्याचे वय ते किती! या तालुक्यात सरकार आणि कुणबी यांची गाठ घालून देणारे एक पान शंभराहून अधिक वर्षे चालले आहे. वतनदार कुळकर्णी गेला, इंग्रज गेला, सावकार गेला, एकर गेले, शाईसुद्धा गेली, पण पान राहिले. ते का राहिले, आणि त्याने कोणाला राहू दिले नाही, हे जरा पाहण्यासारखे आहे.

पहिल्या मोडी कागदापासून आरंभ करू. संगमनेर निजामशाहीत होते. इथून जवळच्याच पेमगिरीच्या किल्ल्यावर शहाजीराजांनी निजामशाहीच्या एका अल्पवयीन वारसाला गादीवर बसवून मोडते राज्य सावरण्याचा प्रयत्न केला, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच राज्यात मलिक अंबरने (मृत्यू १६२६) जमिनीची पाहणी करून धारा बांधला होता, हे तितके ध्यानात राहत नाही. पुढे मराठेशाहीत गावच्या दप्तरात जमिनीची जी याद असे तिला थळझाडा म्हणत. थळ म्हणजे एका कुळाच्या नावाने ओळखली जाणारी जमीन. गंमत अशी की ते कुळ नामशेष झाले तरी थळाचे नाव बदलत नसे. मग त्या जमिनीला गतकुळ म्हणत. आमच्या कागदात शेताला ज्या कुळाचे नाव आहे त्या आडनावाचे एकही घर आज गावात नाही. आजोबांच्या आजोबांनाही त्यांतले कोणी पाहिल्याचे आठवत नव्हते म्हणे.

ही पद्धत वाईट नव्हती. माणसे येतात-जातात, काळी जागची हलत नाही, ही समज तिच्यात होती. दोष एवढाच की ती वाचणारा गावात एक माणूस असे. कुळकर्ण्याच्या घरी रुमालात बांधलेले दप्तर, त्यातली मोडीची लपेट, तिच्यातले आखडते शब्द, बिघे आणि चाहूर यांचे गावोगाव बदलणारे माप; हे सारे त्याच्या बोटांवर. रयतेला आपले शेत दिसे ते कुळकर्ण्याच्या तोंडून. कुळकर्णी भला असला तर भले दिसे. एका गावापुरते हे निभते. पेशवाई १८१८ साली बुडाली आणि हजारो गावांचा वसूल दूरच्या कचेरीतून करावयाची पाळी कंपनी सरकारवर आली, तेव्हा गावागणिक निराळे दप्तर आणि निराळे माप हे त्यांना परवडण्यासारखे नव्हते.

पहिला प्रयत्न प्रिंगल नावाच्या तरुण अंमलदाराने पुणे जिल्ह्यात १८२८ च्या सुमारास आरंभिला. हा गृहस्थ मोठा विद्वान. विलायतेत त्या वेळी रिकार्डोच्या अर्थशास्त्राचा दबदबा होता. जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा अमुक हिस्सा सरकारचा, हे त्यातून आलेले तत्त्व. मग प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढले पाहिजे, म्हणजे बियाणे किती, बैल किती, मजुरी किती, गेल्या कित्येक वर्षांचे भाव काय, हे सर्व भरले पाहिजे. तक्ते सुंदर झाले. ते भरणारे मात्र खालच्या पायरीचे कारकून होते. त्यांना ना तेवढे समजत होते ना तेवढी सचोटी परवडत होती. माप चुकले, प्रती चुकल्या, पैसे चारून काळीची बरड झाली आणि न चारल्यामुळे बरडाची काळी झाली. धारा लागू होताच रयत जमिनी टाकून जाऊ लागली. भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "हे आमच्याकडे रोज घडतं. जे विचारायला नको तेही विचारायचं, आणि मग भरणारा काहीतरी भरून टाकतो."

१८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने हात घातला. विंगेट इंजिनियर पलटणीतला लेफ्टनंट. त्यांनी प्रिंगलचे तत्त्वज्ञान बाजूला ठेवले आणि प्रश्नच कमी केले. शेताला नंबर द्या. तो एका बैलजोडीच्या आवाक्यातला असू द्या. साखळीने मोजा. जमिनीचा रंग, खोली आणि दोष पाहून तिला आण्यांत प्रत द्या. सोळा आण्यांची जमीन कोणती आणि चार आण्यांची कोणती, हे कुणब्याला सांगावे लागत नाही. मग एका तालुक्याला मिळून आकार ठरवा आणि तीस वर्षे त्याला हात लावू नका. ज्याला जो नंबर हवा तो त्याने धरावा, नको तो सोडावा. साखळी ३३ फुटांची. ती लांबीला एक आणि रुंदीला एक धरली की झाला गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालाने ही रीत पक्की केली आणि पुढे ती सबंध मुंबई इलाख्यात पसरली. एका तालुक्यासाठी योजलेली मांडणी इतक्या मोठ्या मुलखाला पुरली, याचे कारण मला तरी हेच दिसते की तिने थोडे विचारले, आणि जे विचारले ते साखळीने आणि फावड्याने पडताळता येण्याजोगे होते.

परंतु थोडे विचारल्याची किंमतही द्यावी लागली. या दप्तराला शेत दिसत होते आणि धारा भरणारा खातेदार दिसत होता. बाकी कोणी दिसत नव्हते. ज्याच्याकडे शेत गहाण पडले तो सावकार, ज्याच्या हातात नांगर तो अर्धेलीचा वाटेकरी, ज्यांचा त्या शेतावर हक्क ते भाऊबंद, ही सगळी माणसे दप्तराच्या बाहेर उभी. त्यातून कज्जे वाढले, जमिनी सावकाराकडे गेल्या आणि खाते मात्र कुणब्याच्या नावावर राहिले. १८७५ साली सुप्याला वही जाळण्याचा जो वणवा पेटला तो आमच्या नगर जिल्ह्यातही पारनेर-श्रीगोंद्याकडे पोचला. लोकांनी सावकाराचे प्राण क्वचितच घेतले, त्यांना हवे होते ते कागद. दंग्यांची कारणे सांगताना कापसाचा पडलेला भाव आणि वाढविलेला धारा यांचा उल्लेख होतो आणि तो रास्तच आहे. तथापि लोक ज्या कागदावर तुटून पडले तो सरकारला माहीतच नव्हता, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

सरकारने हे ओळखायला आणखी पाव शतक घेतले. १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि १९१३ साली तो जमीन महसुलाच्या मूळ कायद्यातच गोवण्यात आला. जमिनीवर ज्याचा ज्याचा म्हणून हक्क असेल त्याची नोंद आता गावातच व्हावयाची होती. अँडरसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने गावच्या हिशेबाचे नमुने बसविले. एकपासून एकवीसपर्यंत ते गाव नमुने महसूल खात्यात आजही त्याच्या नावाने ओळखले जातात. त्यांतला सातवा नमुना हक्काचा आणि बारावा पिकाचा. दोन्ही एका पानावर, वर सात आणि खाली बारा, म्हणून सातबारा. भाषेची करामत पाहा, शेतकऱ्याच्या साऱ्या अस्तित्वाला कारकुनी अनुक्रमांकाचे नाव मिळाले आणि ते इतके रुजले की आता लोक कोणाच्याही मालकीविषयी बोलताना "त्याचा काय सातबारा आहे का?" म्हणतात.

या पानाची रचना जरा सावकाश पाहण्यासारखी आहे. माथ्यावर गाव, तालुका आणि शेताचा नंबर. पान नंबराचे, माणसाचे नव्हे. थळझाड्यातली जुनी समज इथे नव्या रूपाने परत आली. डाव्या अंगाला क्षेत्र, लागवडीयोग्य किती, पोटखराब किती, आकार किती. मध्ये कब्जेदारांची नावे. उजव्या अंगाला 'इतर हक्क' नावाचा एक रकाना, आणि त्यात काय लिहावे याची यादी पानावर नाही. खाली बाराव्या नमुन्यात वर्षवार पीक, पाण्याचे साधन आणि कसणाऱ्याची रीत.

पण खरी युक्ती या पानावर नाहीच. ती शेजारच्या वहीत आहे. सहावा नमुना म्हणजे फेरफाराची वही. खरेदी, वाटणी, वारस, गहाण, कोर्टाचा हुकूम, काहीही बदल झाला तरी तो आधी या वहीत लिहावा लागतो. नोंदीला अनुक्रमांक पडतो, हितसंबंधीयांना नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडल अधिकारी ती मंजूर किंवा नामंजूर करतो. त्यानंतर सातव्या नमुन्यावर जुन्या नावाला कंस पडतो, नवे नाव येते आणि त्याच्याजवळ वर्तुळात फेरफाराचा क्रमांक लिहिला जातो. आज काय आहे ते सातबारा सांगतो. ते तसे का झाले ते फेरफार सांगतो. आणि दोहोंमधला धागा म्हणजे ते छोटेसे वर्तुळ. पान हवे तितके बदला, बदलाचा हिशेब निराळा राहतो आणि तो कधी खोडला जात नाही. भाचा हे ऐकून काही वेळ गप्प बसला. त्यांच्या धंद्यात हा विचार अलीकडे फार थोर मानतात म्हणे.

दक्षिण ऑस्ट्रेलियात टॉरेन्स याने १८५८ साली मालकीची जी नोंदवही सुरू केली तिच्यात सरकार नोंदीची हमी घेते. नोंद झाली की मालकी झाली. आपल्याकडे तसे नाही. सातबाऱ्यातली नोंद खरी आहे असे कायदा धरून चालतो, परंतु कोणी उलट सिद्ध करीपर्यंतच. कोर्टांनी पुनःपुन्हा सांगितले आहे की महसुली नोंदीने मालकी जन्माला येत नाही. वकील मंडळींना हा दुबळेपणा वाटतो. मला तो शहाणपणाही वाटतो, कारण चूक दुरुस्त करावयास वाट राहते. चुकांची दुरुस्ती ज्या १५५ व्या कलमाखाली होते त्यातला 'लेखनप्रमाद' हा शब्द तर मला फारच आवडतो. आपल्या चुकीला प्रमाद म्हणणारे खाते एकच.

'इतर हक्क' या मोकळ्या रकान्याने पुढची पाऊणशे वर्षे काय काय सोसले ते पाहू लागले म्हणजे आश्चर्य वाटते. आरंभी तिथे गहाण, विहिरीच्या पाण्याची पाळी, वाटेचा हक्क. मग सहकारी सोसायटीचे कर्ज आले आणि 'बोजा' हा शब्द घरोघर झाला. १९४८ च्या कूळकायद्यानंतर तिथे कुळाचे नाव येऊ लागले. आणि १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी कायद्याने कसणाऱ्याला खरेदीदार मानले, तेव्हा हजारो नावांनी उजवीकडून मध्यावर प्रवास केला. हा प्रवास सुखाचा नव्हता. बाराव्या नमुन्यातल्या 'रीत' या रकान्यात एकचा तीन झाला की तीनचा एक, स्वतः कसले की दुसऱ्याकडून, एवढ्यावर कुटुंबेच्या कुटुंबे तरली किंवा बुडाली. कायदा येणार असे कळताच कित्येकांच्या रीती एका रात्रीत बदलल्या, हे कोणत्याही गावातला म्हातारा सांगेल. पुढे धरणाखालचे संपादन, आदिवासींच्या जमिनीवरील बंधन, महामार्ग, निळवंड्याचे कालवे, सारे याच रकान्यात येऊन बसले. यांपैकी काहीही अँडरसनच्या डोळ्यांपुढे नव्हते. त्याने फक्त जागा सोडली होती.

पिकाच्या रकान्यालाही पिकांची नावे आधीपासून छापलेली नव्हती. बाजरी, मठ, हुलगा लिहिणाऱ्याच हातांनी पुढे ऊस लिहिला, मग टोमॅटो, मग डाळिंब. पठारभागातल्या बरड जमिनीवर डाळिंब येईल असे १९५० साली कोणी म्हटले असते तर लोक हसले असते. पानाला मात्र नवे काही शिकावे लागले नाही.

माप बदलले त्याची कथा तर मौजेची आहे. दशमान पद्धत आली तेव्हा एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करावयाचे ठरले. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे १०१ चौरस मीटरांहून किंचित अधिक. आर शंभर चौरस मीटरांचा. विंगेटच्या साखळीचा चौरस आणि फ्रान्सच्या राज्यक्रांतीतून निघालेले माप यांत शंभरात एकाचा फरक. त्यामुळे दप्तरात आर आले आणि तोंडात गुंठा राहिला, आणि फारसे कोणाचे बिघडले नाही. आमच्या बासनातला दुसरा कागद आणि तिसरा कागद शेजारी ठेवले की हे डोळ्यांना दिसते.

जिथे बिघडले ते ठिकाण निराळे आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याने गावोगाव विखुरलेले तुकडे जुळवून गट पाडले आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला. हेतू चांगला होता. परंतु सगळे पान ज्या खुंटीला टांगलेले, ती खुंटीच हलली. जुन्या-नव्या नंबरांचे तक्ते केले गेले, त्यात चुका राहिल्या, कोणाचे शेत नकाशावर एकीकडे आणि वहिवाटीत दुसरीकडे गेले. त्या योजनेतल्या चुकांचे कज्जे अनेक गावांत अजून चालू आहेत. रकाने कितीही बदला. नंबर बदलताना दहा वेळा विचार करावा, एवढे आमच्या तालुक्यातल्या कोणालाही विचारले तरी तो सांगेल.

दुसरी बिघाडाची जागा म्हणजे पुनर्लेखन. हाताच्या वहीचे पान दहा वर्षे पुरे. मग नवी वही करावयाची आणि चालू नोंदी उतरून घ्यावयाच्या. उतरताना कंसातले सुटे, कधी कंसाबाहेरचेही सुटे. कोणाची चार आणेवारी तीन होई, कोणाच्या नावाचा काना जाई, आणि उजव्या रकान्यातला एखादा माणूस सबंधच गळून पडे. ही गळती पुष्कळदा बायकांच्या वाट्याला आली. याचे कारण पानाच्या रचनेतही आहे. पुरुषाचे नाव मध्यावर. तेही पुष्कळदा थोरल्या भावाचे एकट्याचे, पुढे 'ए. कु. मॅ.' एवढी तीन अक्षरे लिहून. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर! त्या तीन अक्षरांच्या पोटात धाकटे भाऊ, विधवा भावजया, आई, सारे मावत. बहीण वारस असली तर तिला उजवीकडे, इतर हक्कांत, गहाण आणि बोजाच्या शेजारी बसवीत. जो रकाना पानाला लवचिक करीत होता तोच, ज्याला मध्यावर बसू द्यायचे नाही त्याला बसविण्याची ओसरीही झाला होता. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला वाटा दिला, महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली तो भावाच्या बरोबरीचा केला. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली आणि अनेक गावांत नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन केली. कायदा आणि चळवळ पानाच्या पुढे गेली. पान मागून आले.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आजोबा १९६३ साली वारले. वारसाच्या फेरफारात वडिलांचे नाव कब्जेदार म्हणून लागले आणि त्यांच्या एकुलत्या बहिणीचे, म्हणजे आमच्या आत्याचे, नाव इतर हक्कांत. आत्या तेव्हा अकोल्याकडे सासरी होती. ती आली, तिने फेरफाराच्या वहीवर अंगठा दिला आणि परत गेली. बासनातल्या दुसऱ्या कागदावर तिचे नाव आहे. तिसऱ्या कागदावर नाही. मधल्या पुनर्लेखनात ते गळले. कोणाच्या लेखणीतून गळले ते आता कळणे शक्य नाही. आमच्या घरातल्यांना ते दिसले नाही, की दिसून दिसले नाही, हेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आत्याला वाचता येत नव्हते. दर दिवाळीला साडीचोळी जात होती.

मग संगणक आला. राज्यात सातबारे अडीच कोटींच्या घरात. ते हाताच्या वह्यांतून यंत्रात भरणे हे एकाच वेळी झालेले प्रचंड पुनर्लेखनच होते, आणि पुनर्लेखनाचे सगळे जुने रोग त्याला जडले. नावे बिघडली, क्षेत्राची बेरीज जुळेना. हाताच्या पानावर तलाठी समासात बारीक अक्षरात काहीबाही लिहून वेळ मारून नेई. पडद्याला समास नसतो, रकान्यात बसेल तेच घेतले जाते. यंत्राने नवी चूक केली त्याहून जुनी लपलेली चूक उघडी केली असे माझे मत आहे. ते काही असो. खात्याने शहाणपणाने एक जुनीच रीत काढली. २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडीवाचन झाले. छापलेला एकेक सातबारा लोकांसमोर मोठ्याने वाचावयाचा आणि ज्याला हरकत असेल त्याने उठून बोलावयाचे.

आत्या त्या वेळी माहेरी आली होती. वय अठ्ठ्याहत्तर. चावडीपुढच्या लिंबाखाली बायकांत बसली होती. आमचा गट वाचून झाला, पुढचा नंबर पुकारला, आणि ती बसल्या जागेवरून म्हणाली, "माझं नाव नाही वाचलं."

कोणीतरी म्हणाले, आजी, तुमचं नाव इथं कसं असंल? ती म्हणाली, "बाबा गेले तवा माझा अंगठा घेतला व्हता. ह्याच चावडीत."

चोपन्न वर्षे ते पान तिच्यासाठी मुके होते. डोळ्यांनी वाचावयाची मांडणी तिच्या कामाची नव्हती. मोठ्याने वाचलेले मात्र तिला पहिल्याच वेळी वाचता आले.

फेरफाराची १९६३ ची वही अभिलेखकक्षात निघाली. नोंद होती, अंगठा होता, खाली मंजुरीची सही होती. लेखनप्रमादाची दुरुस्ती म्हणून तिचे नाव इतर हक्कांत परत आले. मग घरात बैठक बसली. थोरले भाऊ म्हणाले, आत्या, एक हक्कसोडपत्र करून टाकू, म्हणजे पुढच्या पोरांना त्रास नको. आत्याने चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "आधी नाव नीट मधी लावा. सोडायचं का ठेवायचं ते मंग मी पाहीन." दुसरा फेरफार झाला आणि ती उजवीकडून मध्यावर आली.

यानंतरचा भाग थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. २०२० साली पानाची आखणीच काही ठिकाणी बदलली. त्या वेळचे महसूलमंत्री बाळासाहेब थोरात आमच्याच तालुक्यातले, जोर्व्याचे. संगमनेरच्या माणसाला याचे थोडे अप्रूप वाटले तर ते क्षम्य मानावे. एकाच नावाची दोन गावे घोटाळू नयेत म्हणून गावाला सांकेतिक क्रमांक आला, खाते क्रमांक नावाशेजारी आला, प्रलंबित फेरफार पानावरच दिसू लागला, बिनशेती क्षेत्राचे माप निराळे झाले. आणि कमी केलेल्या नावाला कंस घालावयाचा तो जाऊन आडवी रेघ मारण्याची रीत आली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर पिकाची पाहणी शेतकऱ्याने आपल्याच फोनवरून, शेतात उभे राहून छायाचित्र काढून करावयाची, असे झाले. मृत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी लावण्यासाठी २०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर मोहीम चालली, तिचे नाव 'जिवंत सातबारा'. नाव कोणी सुचविले ठाऊक नाही, पण त्याला मराठी येत होते.

भाच्याला मी बासनातले चारही कागद अंथरून दाखविले. त्याने त्यांची छायाचित्रे घेतली. मग आम्ही दोघे आत्याकडे गेलो. ती आता बहुतेक अंथरुणावरच असते. भाच्याने फोनवर ताजा उतारा काढला, तिच्या उशाशी बसून गटाच्या नंबरापासून शेवटच्या फेरफाराच्या तारखेपर्यंत मोठ्याने वाचला आणि तिचे नाव आले तिथे बोट ठेवले. तिने पडद्यावर डोळे बारीक केले. उजवीकडे रेघ मारलेल्या अक्षरांकडे तिचे लक्ष गेले असावे.

"हे काय खोडलंय?"

"ते तुझंच जुनं नाव, आजी. इतर हक्कांतलं."

"मग पुसलं का नाही?"

"पुसत नाहीत. नुसती रेघ मारतात, म्हणजे खालचं वाचता येतं."

"हं," ती म्हणाली, "पुन्यांदा वाच. पहिल्यापासनं."